त्यानं विचारलं होतं, हात लावू का?

आदरणीय ताई,

सादर नमस्कार. मी इंदूरमध्ये एका सरकारी रुग्णालयात नर्सिंग ऑफिसर आहे. ११ वर्षं झाली. आधी लेबर रूम, मग प्रसूती वॉर्ड, आता एसएनसीयू, म्हणजे आजारी आणि कमी वजनाच्या नवजात बाळांचा विशेष कक्ष. ड्यूटी सांभाळून एम.एस्सी. नर्सिंग करतेय आणि डिझर्टेशनचा विषय ठरवायचा आहे. मॅडम म्हणतात, 'नर्सेसचा नर्सिंग थिअरीकडे बघण्याचा दृष्टिकोन' घे, प्रश्नावली तयार मिळते, सहा महिन्यांत हातावेगळं होईल. खरं सांगू का, माझा स्वतःचाच दृष्टिकोन असा आहे की थिअरी परीक्षेत लिहायची आणि वॉर्डात विसरायची. ४० बाळंतिणी आणि आम्ही दोघी असताना नर्सिंगच्या थिअरी मांडणाऱ्या रॉय आणि ओरेम कुणाला आठवणार? हाताला जे कळतं ते पुस्तकात नसतं.

दुसरी गोष्ट. परवाच्या आठवड्यात, ऐन थंडीत, रात्री अडीचला एक मुलगा एसएनसीयूच्या दाराशी आला. वय १९. बऱ्हाणपूरकडचा, घरी मराठी बोलणारा, सराफ्यात गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) ठेल्यावर काम करतो. अंगाला तळणाचा वास येत होता. बायकोही १९चीच. तिची डिलिव्हरी ३३ आठवड्यांत झाली, मुलगी १,७२० ग्रॅमची. मी म्हटलं, ही काय यायची वेळ आहे? तो म्हणाला, "सिस्टर, मी हात लावला तर तिला काही होईल का?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाप होताना विचारलं होतंस का कुणाला?" आजूबाजूच्या अटेंडरना मराठी कळत नव्हतं. त्याला कळलं. मग तो दोन दिवस फिरकलाच नाही. आता येतो, पण जिन्याखाली बसून राहतो, दाराशी येत नाही. मुलगी १,६५०पर्यंत उतरली होती, आज ११व्या दिवशी १,८१० आहे. तिचं छान चाललंय, माझंच मन लागत नाही. त्याचं नाव विचाराल तर मला आठवतही नाही.

मॅडमचा विषय घेऊ, की अशा कोवळ्या वयातल्या बापांवर काही करू? आणि त्यात थिअरी कुठून आणू?

एक सिस्टर, इंदूर

*

सिस्टर,

तुझ्या वयाच्या मुलींना मी वर्षानुवर्षं शिकवलंय, तेव्हा एकेरीतच बोलते.

तुझं पत्र वाचून झालं आणि मी ते उलटं करून पुन्हा वाचलं, शेवटाकडून. बाळाची तीन वजनं तुला तोंडपाठ आहेत, तीही ग्रॅममध्ये. किती आठवड्यांचं, कितवा दिवस, सगळं चोख. आणि ज्याच्यामुळे तुझी झोप उडाली त्याचं नाव आठवत नाही. याचा दोष मी तुला देत नाही. वजनाला तुझ्या केस शीटवर रोजचा रकाना आहे. बापासाठी एकच रकाना, पतीचं नाव, आणि तो काउंटरवरूनच भरून येतो. त्याची झोप किती, त्यानं बाळाला पाहिलं का, तो घाबरलाय का, हे लिहायला कागदावर जागा नाही. आणि ज्याला जागा नाही ते ११ वर्षांत डोळ्यांनाही दिसेनासं होतं. थिअरी म्हणजे मला तरी इतकंच कळलंय: काय बघायचं, याचे कुणीतरी विचार करून आखलेले रकाने.

तू म्हणतेस वॉर्डात थिअरी विसरायची असते. पण त्या रात्री अडीचला तू थिअरीच वापरलीस. बाप म्हणजे अटेंडर. अटेंडरनं वेळेत यावं, औषधं आणावीत, रक्ताची सोय करावी, सही करावी आणि बाजूला व्हावं. आणि तो १९चा असेल तर चुकलेलं पोर, त्याला सुनवायचा हक्क कुणालाही. हे तुला कुठल्याही कॉलेजात शिकवलेलं नाही, पण रात्रपाळ्या करता करता अंगात मुरलं. कागदावर लिहिलेली थिअरी निदान खोडता येते, तिच्याशी भांडता येतं. अंगात मुरलेलीशी भांडायला ती आधी दिसावी लागते. तुला ती आता दिसली आहे, म्हणून तर मन लागत नाही.

मलाही एकदा दिसली होती, फार उशिरा. १९९२ची गोष्ट. मी स्टाफ नर्स होते. मिल बंद पडलेल्या घरातला एक पोरगा, मिसरूड फुटलेलं, बायकोला घेऊन आला. बाळ पोटातच गेलेलं. मी सगळं नियमाप्रमाणे केलं. सही घेतली, बाळ पांढऱ्या कपड्यात नीट गुंडाळून त्याच्या हातात दिलं. तो तसाच उभा. म्हणाला, "सिस्टर, आता कुठं न्यायचं?" आणि मी गेटकडे बोट केलं. तिथं विचारा, म्हटलं. मला व्हर्जिनिया हेंडरसन या नर्सनं मांडलेल्या माणसाच्या १४ गरजा तेव्हा घडाघडा पाठ होत्या. श्वास, अन्न, झोप यांच्यापासून थेट आपापल्या श्रद्धेप्रमाणे वागता येणं, समाधान देणारं काम हाती असणं, इथपर्यंत. त्या १४ मी त्याच्या बायकोवर लावल्या होत्या, पुऱ्या इमानानं. तोही माणूस आहे आणि त्यालाही त्या लागू आहेत, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तो दोन्ही हात पुढं धरून गेटपर्यंत चालत गेला. ती पाठ मी अजून विसरलेले नाही.

तर थिअरीचं. नर्सेस तिच्यावर का वैतागतात ते मला आतून ठाऊक आहे आणि तुमचा वैताग खोटा नाही. आपल्याला ती शिकवतात इंग्रजीत, पाठ करवून घेतात, आणि शिकवणारीनं कित्येकदा वॉर्ड सोडून दहा-दहा वर्षं झालेली असतात. मग केअर प्लॅन ड्यूटी संपल्यावर फाइलसाठी लिहायचा, कुणीतरी आधी लिहिलेला बघून. कागदावरचं प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ नर्स असं आहे. तू ४०ला दोघी म्हणतेस. अशात कुणी ओरेमचं 'सेल्फ केअर डेफिसिट' (स्वतःची काळजी घेण्यातली उणीव) म्हटलं की डोकं फिरणारच. ही तक्रार थिअरीबद्दल कमी आणि ती ज्या हातांनी आपल्यापर्यंत आली त्याबद्दल जास्त आहे, पण तक्रार खरी आहे आणि ती तुझ्या मॅडमनी ऐकायला हवी.

फक्त एक गोष्ट विसरू नकोस. ही सगळी नावं आपल्यासारख्याच बायकांची आहेत, ज्यांनी वॉर्डात डोळे उघडे ठेवले. कॅलिस्टा रॉय लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. आजारी पोरं किती चटकन परिस्थितीला जुळवून घेतात, हे बघून तिला प्रश्न पडला आणि त्यातून तिचं जुळवून घेण्याचं प्रारूप १९७० साली छापून आलं. ओरेमचा मूळ प्रश्न तर इतका साधा आहे की आपण सगळ्या तो मनात रोज विचारतो: माणसाला नर्स नेमकी केव्हा लागते? आणि हिल्डगार्ड पेप्लाऊ. नर्स आणि रुग्ण यांच्यातल्या नात्यावरचं तिचं पुस्तक १९४८मध्ये लिहून तयार होतं. डॉक्टरचं नाव सोबत नसताना एका नर्सनं पुस्तक छापायचं, हे तेव्हा पचण्यासारखं नव्हतं. ते ४ वर्षं थांबलं, १९५२ला आलं. ज्या थिअरीला आपण नाक मुरडतो ती आपल्या बोलण्याला कुणी किंमत द्यावी म्हणून भांडून मिळवलेली आहे.

आणि 'हाताला जे कळतं ते पुस्तकात नसतं', हे वाक्य तू नर्सिंगच्या अभ्यासक पेट्रिशिया बेनरसमोर म्हणाली असतीस तर तिनं तुला खुर्ची दिली असती. तिनं १९८४मध्ये हेच मांडलं. नवशिकी नर्स नियमांच्या आधारानं चालते आणि पाच पायऱ्या चढून एक्सपर्ट झालेली नर्स परिस्थिती एका नजरेत ओळखते. तुझ्या हाताला कळतं ते खरंच ज्ञान आहे. पण याच बेनरची दुसरी बाजू बघ. तीच एक्सपर्ट नर्स अनोळखी परिस्थितीत पडली की पुन्हा नवशिकी होते. बाळाचं डोकं दिसायला लागल्यावर काय करायचं, ते तुला झोपेत विचारलं तरी सांगशील. रात्री अडीचला दाराशी उभ्या राहिलेल्या १९ वर्षांच्या बापाशी काय बोलायचं, त्यात तू पहिल्या पायरीवर होतीस. अनुभवानं तिथं हात दिला नाही, कारण त्या दिशेचा अनुभवच घेतलेला नव्हता.

आता त्या मुलाकडे बघू या, सावकाश.

त्याच्या येण्याच्या वेळेवरून सुरू करते, कारण तू ओरडलीस त्यावरून. बाई, सराफा तुला नवा नाही. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की ठेले लागतात आणि रात्री दोनपर्यंत गर्दी हटत नाही. गराडूचे हेच दिवस. थंडी सरली की तो ठेला दुसऱ्या कशाचा तरी होणार, म्हणजे याची कमाईही याच दिवसांतली. कढई उतरवून, भांडी घासून निघालं की अडीच वाजतातच. म्हणजे तो अवेळी आलेला नव्हता. दिवसभरात त्याच्या हातात असलेली ती पहिली वेळ होती, आणि ती घेऊन तो थेट तुझ्या दाराशी आला. घरी जाऊन झोपला असता तरी त्याला कुणी बोललं नसतं.

दुसरं, त्याच्या घरचं. आपल्या मराठी घरांत पहिलं बाळंतपण माहेरी. डोहाळजेवण तिचं, ओटी तिची, बाळंतविडा तिचा, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू तिचे, आणि ते बरोबरच आहे. पण बाप झालेल्या पुरुषासाठी आपल्याकडे एक विधी नाही, एक शब्द नाही. ती बाळंतीण, तो कोण? तो बाराव्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन सासरी पाहुण्यासारखा येतो, आणि बाळ त्याच्या मांडीवर दिलं तर बायका हसतात, "अहो, मान धरा!" तिशीतला बापही हे असंच चाचपडत शिकतो. याला तर आत्ता आत्तापर्यंत घरात पोर म्हणून हाक मारत होते. त्यात बऱ्हाणपूर मागे राहिलेलं, इंदुरात मान धरा म्हणून सांगणारी बाईही जवळ नाही.

इथे मला नर्सिंगमध्ये स्थित्यंतरांची थिअरी मांडणाऱ्या अफाफ मेलिसची आठवण होते. एका अवस्थेतून दुसरीत जाताना माणूस मधल्या दारात अडकतो, आणि नर्सचं काम कित्येकदा त्या दारातच असतं, असं तिचं सांगणं. वय वाढण्याचं स्थित्यंतर वेगळं, नवी जबाबदारी अंगावर येण्याचं वेगळं, आणि दोन्ही एकाच वेळी येऊ शकतात. हा मुलगा पोरपणातून पुरुषपणात जायच्या दारात होता, तेवढ्यात त्याला दुसऱ्या दारातून आत ढकललं, आणि तिसरं दार एसएनसीयूचं, ज्यावर 'प्रवेश निषिद्ध' लिहिलेलं. रॉयच्या प्रारूपात चार बाजू आहेत: शरीर, स्वतःविषयीची प्रतिमा, भूमिका आणि एकमेकांचा आधार. लावून बघ. झोप नाही, हातावर तेलाचे चटके असतील, हे शरीर. 'आपल्याला काही येत नाही' ही प्रतिमा. भूमिका औषधं आणणाऱ्याची, बापाची कुणी दिलेलीच नाही. आणि आधार? बायको वॉर्डात, आई गावी, ठेल्याचा मालक वेळेवर ये म्हणणारा. या चार ओळी त्या रात्री तुझ्या डोळ्यांसमोर असत्या तर ते वाक्य तोंडातून निघालं नसतं, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठीच रकाने असतात.

आणि त्याचा प्रश्न पुन्हा वाच. "मी हात लावला तर तिला काही होईल का?" त्यानं बिल किती झालं विचारलं नाही, सुट्टी कधी विचारली नाही, मुलगी का झाली तेही विचारलं नाही. सगळ्यात आधी बाळाचं बघितलं, स्वतःच्या हाताची भीती बाळाच्या जिवासाठी वाटली. यापेक्षा चांगला बाप मला ४० वर्षांच्या माणसांतही क्वचित भेटलाय.

डिझर्टेशनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मॅडमचा विषय वाईट नाही, पण त्याचं उत्तर मी तुला आज सांगू शकते. 'नर्सिंग थिअरी महत्त्वाची आहे असे मला वाटते' या ओळीपुढे पाच रकाने असतील, आणि मेट्रनच्या खोलीबाहेर बसून फॉर्म भरणारी प्रत्येक जण 'सहमत'वर टिक करेल. तुझी सरासरी छान येईल आणि दुसऱ्या दिवशी केअर प्लॅन तसाच, आधीचा बघून लिहिला जाईल. तू बापांचा विषय घे. त्या विषयाला माणसं हवी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१मध्ये, १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ६.८ टक्के आई झालेल्या किंवा गरोदर होत्या, हे आपण सगळ्या पाठ म्हणतो. २५ ते २९च्या पुरुषांपैकी १७.७ टक्क्यांचं लग्न २१च्या आत झालं होतं, हेही त्याच पत्रकात आहे, पण ते कुणी म्हणत नाही. आणि त्या वयातले किती मुलगे बाप झाले, याची तशी ओळच त्या पत्रकात नाही. अर्थात लहान वयातल्या आईच्या बाळाचा बाप बहुतेक वेळा तिच्याहून मोठा, विशीतला असतो, हे ध्यानात ठेव. पोरसवदा बाप थोडे आहेत, पण आहेत, आणि जिन्याखाली बसलेले आहेत.

प्रश्नावली नको. १० ते १२ जणांशी निवांत बोल, त्यांच्या वेळेला, त्यांच्या बोलीत. अनुभवांचा अभ्यास करताना आपलं आधीचं मत कंसात ठेवायचं असतं, हे तू रिसर्चच्या पेपरात लिहिलंच असशील. ते खरं करायचं तर पहिल्या मुलाखतीच्या आधी एका वहीत प्रामाणिकपणे लिहून काढ: कोवळ्या बापांबद्दल मला काय वाटतं. ते वाक्यही लिही, जसंच्या तसं. मांडणी मुलाखतींतून अर्थ काढण्याच्या कोलाइझीच्या सात पायऱ्यांनी कर, कारण त्यात शेवटी काढलेला अर्थ घेऊन पुन्हा त्या माणसाकडे जावं लागतं: "तू म्हणालास ते मला असं कळलं, बरोबर का?" ज्याला आजवर कुणी काही विचारलं नाही त्याला हे दुसऱ्यांदा विचारणं फार मोठं असतं. आणि थिअरीचं ओझं सुरुवातीला डोक्यावर घेऊ नकोस. त्यांचं बोलणं आधी येऊ दे, मग मेलिस, रॉय यांपैकी कोण त्याच्याशी जुळतंय ते बघ. मर्सरची आई होण्याची थिअरीही वाच. तिनं आईभोवती वर्तुळं आखली आहेत, त्यांत आईच्या सगळ्यात जवळच्या वर्तुळात बाप आहे, पण मध्यभागी आई. तुझ्या मुलाखती बापाला मध्यभागी ठेवतील. तिथं ती थिअरी कुठं पुरते आणि कुठं तोकडी पडते, हे लिहिलंस तर तुझा तो एक धडा मॅडमच्या विषयाचंही उत्तर देईल.

कायद्याचं मात्र डोळे उघडे ठेवून कर. १८च्या आतल्या मुलीच्या बाबतीत, लग्न झालेलं असो वा नसो, पॉक्सो (बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) लागतो, आणि २०१२च्या त्या कायद्याच्या कलम १९प्रमाणे आपल्याला कळलं की कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास शिक्षा आपल्याला. म्हणून कुठल्याही पोराला "हे माझ्याजवळच राहील" असा शब्द आधीच देऊन बसू नकोस. नंतर तो मोडावा लागला तर त्याचा सगळ्याच नर्सेसवरचा विश्वास जाईल. तुझ्या अभ्यासात अशाच जोड्या घे ज्यांत गर्भ राहिला तेव्हा दोघांचीही १८ पूर्ण होती. संख्या कमी पडली तर आज २० ते २४चे असलेले, पण १८-१९व्या वर्षी बाप झालेले घे. ते मागे वळून बोलतात, आणि बरंच उघड बोलतात. एथिक्स कमिटीला हे सगळं आधी लिहून दे. मुलगा १८च्या वर पण २१च्या आत असेल तर २००६च्या बालविवाह कायद्याप्रमाणे तो विवाह रद्द करून घेता येण्याजोगा ठरतो, आपोआप बाद होत नाही. पोरं मात्र पोलिसांच्या धास्तीनं काउंटरवर २२ सांगतात. बाळाचे उपचार, त्याचा जन्मदाखला यांतलं काहीच त्यामुळे अडत नाही, एवढं त्याला शांतपणे सांग. रांगेत सगळ्यांसमोर वय उकरू नकोस.

बोलताना कुणी म्हणाला की झोप येत नाही, रडू येतं, बाळाकडे बघवत नाही, तर ते टेपवर घेऊन पुढं जाऊ नकोस. बाळंतपणानंतरची उदासी बापांनाही येते. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चिठ्ठीवर लिहून दे, हिंदीत बोलता येतं, फुकट आहे. आणि दोन मुलांमधलं अंतर, निरोध, तांबी, इंजेक्शन, हे आपण नेहमी त्या मुलीलाच सांगतो. त्यालाही समोर बसवून सांग. १९व्या वर्षी त्याला हे सांगणारं दुसरं कुणी नाही, दोस्त सोडून.

आता या मुलाचं. हे डिझर्टेशनच्या आधीचं आहे, आणि आजचं आहे.

बाळ १,८१०चं, स्थिर आहे, वाढतंय. कांगारू मदर केअरला (केएमसी), म्हणजे बाळ उघड्या छातीशी धरून ऊब देण्याला, याहून योग्य बाळ कुठलं? आपण ती आईलाच देतो, कारण नावातच 'मदर' आहे. पण १९७८मध्ये बोगोटात इनक्युबेटर पुरेनात म्हणून ज्यांनी हे सुरू केलं, त्यांनी माणसाच्या छातीची ऊब वापरली, आणि ती ऊब बापाच्या छातीलाही असते. एसएनसीयूत आईबापांना सामील करून घेण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शिका २०१७पासून आहेत. तुझ्या इनचार्जना त्या दाखव आणि या एका बापासाठी रात्रीची वेळ मागून घे. सराफ्याचं वेळापत्रक त्यांना समजावून सांग, इंदूरच्या माणसाला ते समजावायला फार वेळ लागत नाही.

मग जिन्याखाली जा. त्याला वर बोलावणं पाठवू नकोस, आयाबाईला पाठवू नकोस, स्वतः जा. जाण्याआधी केस शीट उघडून त्याचं नाव वाच आणि त्या नावानं हाक मार. बोलणं मराठीत झालं होतं, तर माफीही मराठीतच माग, आणि लांबण लावू नकोस. "परवा मी चुकीचं बोलले. हात लावलास तर तिला काही होणार नाही. चल." इतकं पुरे. पेप्लाऊ म्हणते, नर्स आणि समोरचा पहिल्या भेटीत एकमेकांना परके असतात, आणि परक्या माणसाला आपण जी सभ्यता देतो ती तरी त्याला मिळायलाच हवी. तुम्ही दोघं अजून त्या पहिल्या भेटीतच आहात. त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याला अजून मिळालेलं नाही.

त्याला सांग, येताना अंघोळ करून ये, तळणाचा शर्ट बदलून. नखं कापलेली हवीत. हातातलं कडं, दोरा, अंगठी काढायला लाव, कोपरापर्यंत हात धुवायला लाव, तू शेजारी उभी राहून दाखव. गुटखा खात असेल तर तोंड स्वच्छ धुऊन यायला सांग, रागावू नकोस, तो विषय दुसऱ्या दिवशी काढ. शर्टाची बटणं सोडून त्याला जरा मागे रेलून बसव. मुलीला टोपी, मोजे आणि लंगोट, बाकी काही नाही. उभी छातीवर ठेव, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका कुशीला वळवलेली, हनुवटी जराशी वर, म्हणजे श्वास मोकळा राहील. वरून कपडा बांध. त्याचा हात उचलून तिच्या पाठीवर तूच ठेव, कारण तो आपणहून ठेवणार नाही. पहिली पाच मिनिटं तो श्वास रोखून बसेल. सांग त्याला, तू श्वास घे, ती त्यावरच झोपणार आहे.

तासभर तरी राहू दे. समोर उभी राहून त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसू नकोस, तो अवघडेल. येता-जाता तिचा रंग, श्वास बघ, पाय हाताला गार लागत नाहीत ना ते बघ, आणि बाकीच्या बाळांचं काम चालू दे. उठताना काखेतलं तापमान घे, ३६.५च्या वर असेलच. आकडा मोठ्यानं वाच, म्हणजे त्यालाही ऐकू जाईल.

आणि ते सगळं केस शीटवर लिही. केएमसीच्या रकान्यात नुसती वेळ टाकू नकोस. शेजारी, समासात का होईना, लिही: वडील, रात्री २.४० ते ३.४०.

तुझी ताई